कुंडईकर मास्तरांची जाहीर परीक्षा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुंडईकर मास्तरांची बेल वाजवली की दार उघडत नसे. आतून प्रश्न येत असे.

“भारताच्या पूर्वेला कोणता उपसागर?”

बाहेरच्यानं उत्तर द्यायचं, मगच कडी निघायची. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन ओरडायचा, “बंगालचा, मास्तर, बंगालचा! उघडा आता, खांदा निखळला माझा!” पोस्टमन त्याच्याहून हुशार. तो बेल न वाजवता टपाल फटीतून आत सारायचा आणि जिना उतरता उतरता म्हणायचा, “आज अभ्यास न्हाय झाला, मास्तर.” एकदा निवडणुकीत मतं मागायला एक उमेदवार पाच-पंचवीस माणसं घेऊन आले. आतून आवाज आला, “सोळा आठ्ठे?” उमेदवारांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं, कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळी मिरवणूक हात जोडून बंद दाराला नमस्कार करून गेली. मास्तर दिवसभर जिन्यात सांगत होते, “ह्यांना साधा पाढा येत न्हाय आणि निघालेत राज्य चालवायला!”

नातवंडांनो, तुम्ही दोघंही या दारातून पास होऊन आत गेला आहात. तुम्हाला आठवणार नाही, फार लहान होतात. परदेशातून इथं कोल्हापूरला आला होतात तेव्हा मी तुम्हाला मास्तरांकडे तिळगूळ द्यायला पाठवलं. प्रश्न आला, “पोर्तुगालची राजधानी?” ईशाननं तुमच्याकडच्या उच्चारात ‘लिस्बन’ असं ठणकावून सांगितलं. दार उघडलं. मास्तरांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि निकाल दिला, “आवाज प्रिमेर. उच्चार सेगुंद.”

हे प्रिमेर आणि सेगुंद काय, ते आधी सांगायला हवं. मास्तर मूळचे गोव्याचे, फोंड्याजवळच्या कुंडईचे. त्यांच्या लहानपणी गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. पोर्तुगीज शाळेतल्या पहिल्या परीक्षेला ‘प्रिमेर ग्राव’ म्हणत आणि पुढचीला ‘सेगुंद ग्राव’. मास्तर स्वतः या परीक्षांना कधी बसलेच नाहीत, पण शब्द मात्र त्यांनी जन्मभर वापरले. जगातल्या चांगल्या वस्तू त्यांच्या लेखी प्रिमेर आणि बऱ्या वस्तू सेगुंद. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला तांबडा रस्सा प्रिमेर, पांढरा सेगुंद. मी केलेली साबुदाण्याची खिचडी कायम सेगुंदच राहिली. आणि जे अगदीच टाकाऊ, त्याला ते म्हणत, “लिसेंस रद्द!” चहा गार झाला, लिसेंस रद्द. नळाला पाणी आलं नाही, महापालिकेचा लिसेंस रद्द.

यामागंही गोष्ट होती. पोर्तुगीज अमलात मराठी शाळा सरकारी नसायच्या. गावानंच चालवायच्या. कुंडईची शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरे. अग्रशाळा म्हणजे देवळाला आलेल्या पाहुण्यांनी उतरायची जागा. तिथल्या मास्तरांचा पगार गाव भागवायचं, कुणी तांदूळ द्यायचा, कुणी नारळ. शाळा चालवायला सरकारचा परवाना लागे आणि वर्षातून केव्हाही इन्स्पेक्टर येऊन तो रद्द करू शके. मग इन्स्पेक्टर आला की गाव त्याच्यासाठी शहाळी फोडायचं आणि पोरं न समजणारं पोर्तुगीज गाणं म्हणायची.

अशा शाळेत शिकलेल्या मुलाच्या हातात कसलाही सरकारी कागद पडत नसे. मग मूल शिकलं हे ठरवायचं कुणी? तर गावानं. दर वर्षी अग्रशाळेत जाहीर परीक्षा व्हायची. झाडून सारं गाव जमायचं. मूल उभं राहायचं, शाळेचे मास्तर प्रश्न विचारायचे, मूल मोठ्यानं उत्तर द्यायचं. गावानं ऐकलं की ते उत्तर पक्कं. शेवटच्या रांगेत गावातला सर्वांत ठार बहिरा म्हातारा मुद्दाम बसवलेला असे. त्यानं हात वर केला, तरच मार्क. या परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलाला गावातलाच एक व्यापारी शिष्यवृत्ती देई आणि त्या मुलाला सरहद्द ओलांडून इकडे कोल्हापूरच्या बोर्डिंगात पाठवी, हायस्कूल शिकायला. आमचे मास्तर त्या शिष्यवृत्तीवर इथं आले आणि इथलेच झाले. मराठी शाळेतच मास्तर झाले, लग्न केलं नाही. बोली इतकी कोल्हापुरी झाली की फक्त फार राग आला किंवा फार आनंद झाला, तरच कोकणी शब्द बाहेर पडायचा.

रिटायर झाल्यावर त्यांनी पेन्शनमधून स्वतःची शिष्यवृत्ती सुरू केली. आमच्या गल्लीत राहणाऱ्या आणि महापालिकेच्या मराठी शाळेतून सातवी झालेल्या एका मुलाचा किंवा मुलीचा दहावीपर्यंतचा सगळा खर्च ते करणार. परीक्षा अर्थातच जाहीर. अग्रशाळा नव्हती, तर तालीम होती. कोल्हापुरात गल्ली तिथे तालीम असतेच. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पैलवानांना सुट्टी मिळायची, कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीवर जाजम अंथरलं जायचं आणि मधोमध मास्तरांचं टेबल आणि खुर्ची.

आणि बहिरा म्हातारा? तोही तयार होता. तालमीचे बापू वस्ताद. जन्मभर कुस्ती खेळून त्यांचे दोन्ही कान चुरगळलेल्या पापडासारखे झाले होते. वस्तादांना ऐकू येतं की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, कारण ते स्वतःच एवढ्या मोठ्यानं बोलत की समोरच्याचं ऐकायची वेळच येत नसे. त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं जाई. ऐकू आलं की हात वर करून ते गर्जत, “ऐकलं!” चौकातले रिक्षावाले दचकत.

माझी नेमणूक इन्स्पेक्टर म्हणून झाली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मास्तरांच्या लेखी मीच सरकार. एरवी जिन्यात भेटले तर ते माझ्याशी भाजीच्या भावावरून भांडत. परीक्षेच्या दिवशी मात्र मी तालमीत शिरले की उठून उभे राहत, हातात नारळ ठेवत आणि गल्लीला सांगत, “गप बसा. सरकार आलं.” मी माझं गजराचं घड्याळ आणि रेघा आखलेला मार्कांचा तक्ता घेऊन टेबलाच्या कडेला बसे. मला व्यवस्थित कामं आवडतात. तालमीत त्या सकाळी व्यवस्थित असं काहीच नसायचं.

कोल्हापुरी माणसाला गप्प बसून परीक्षा बघायला लावणं म्हणजे कुस्तीच्या मैदानात मौन पाळायला सांगणं. मुलगा अडखळला की चहूकडून कुजबुज सुरू व्हायची, आणि इथली कुजबुज म्हणजे बाहेरगावचं भाषण.

“सह्याद्री म्हण की लेका!”

“अय, सांगू नगासा! मास्तर बघाय लागल्यात.”

“मी कुटं सांगाय लागलोय? मी सह्याद्री म्हणलो का? न्हाय म्हणलो.”

मास्तर टेबलावर रूळ आपटून म्हणायचे, “पब्लिकचा लिसेंस रद्द!” एका वर्षी एका पोरानं, “महाराष्ट्राची राजधानी पुणे!” असं सांगितलं, ते इतक्या दमदार आवाजात की वस्तादांनी दोन्ही हात वर केले आणि सगळी तालीम टाळ्या वाजवू लागली. मी कागदावर शून्य मांडलं. गल्ली माझ्यावर आठवडाभर रुसली होती.

मी मास्तरांना दर वर्षी सांगायची, “लेखी परीक्षा घ्या. शांतपणे होईल, सगळ्यांना सारखे प्रश्न देता येतील.”

“आणि पेपर तपासणार कोण, बाईसाहेब?”

“तुम्ही. मी.”

“मग गाव काय करणार? सही तर गावाची पायजे. गावाला ऐकू गेलं न्हाय ते उत्तर न्हाय.”

सुरुवातीच्या वर्षांत परीक्षेला पोरांची रांग लागायची. मग हळूहळू गल्लीतल्या मुलांच्या गळ्यात टाय आले, दारात पिवळ्या रिक्षा यायला लागल्या. सगळे इंग्रजी शाळेत. महापालिकेच्या शाळेचे वर्ग ओस पडू लागले. नव्या शतकाची पहिली काही वर्षं सरली आणि एका मे महिन्यात मास्तरांच्या परीक्षेला एकच उमेदवार उरला. प्रज्ञा कांबळे.

प्रज्ञा आमच्या समोरच्या चाळीत राहायची. तिचे वडील दिलीप कागलच्या एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात, पाळ्या फिरत्या. आई आशाताई दवाखान्यात नर्स, तिच्याही पाळ्या फिरत्या. मुलगी बहुतेक वेळ घरी एकटी. वर्गात पहिली, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नसे. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती मला पृथ्वीच्या दोन गतींपासून व्याजाच्या गणितापर्यंत सारं सांगायची, तेही अशा आवाजात की मला शेगडी बंद करावी लागे. तिसरं माणूस आलं की संपलं.

त्या उन्हाळ्यात दिलीपनं ठरवलं होतं की जूनमध्ये तिला मुरगूडला आजीकडे ठेवायचं आणि तिथल्या शाळेत घालायचं. तो दुष्ट माणूस नव्हता. माझ्याकडे येऊन दारातच उभ्यानं बोलला, “काकू, शहरात बोलणाऱ्याचं चालतंय. ही कुणापुढं तोंड उघडत न्हाय. आमी दोघं कामावर. उद्या काय झालं, तर ही ओरडायची पण न्हाय. मग काय करू? तिकडं आजी तर हाय. आजीचंबी हल्ली जरा इकडंतिकडं व्हतंय, पण घरात मानूस तरी हाय.”

“आणि तिला काय हवंय?”

“तिला हितंच ऱ्हायाचं हाय. रातभर रडली. मग मी म्हणालो, मास्तरची परीक्षा दे. समद्या गल्लीपुढं बोललीस, पास झालीस, तर मुरगूड कॅन्सल. एकटी ऱ्हायाचं काळीज हाय, असं समजतो मी.”

मी त्याच संध्याकाळी मास्तरांचं दार वाजवलं. (प्रश्न होता: सर्वांत मोठा ग्रह. उत्तर दिलं, आत गेले.) सगळं सांगितलं आणि म्हटलं, “मास्तर, एकच मुलगी आहे. तिला सगळं येतं. यंदा लेखी घ्या. नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात घ्या.”

त्यांनी मला खुर्ची दिली. मग म्हणाले, “बापानं अट काय घातली? गल्लीपुढं. मग तुमच्या स्वयंपाकघरात पास करून काय उपेग? तो मुरगूडला नेईलच की.”

बोलणं खरं होतं. मला राग आला, पण बोलणं खरं होतं.

रविवार उजाडला. एकच उमेदवार असूनही तालीम भरली होती, कारण दिलीपची अट तोवर सगळ्यांना कळली होती. आशाताई पांढऱ्या गणवेशातच आली होती. दिलीप रात्रपाळी करून थेट आलेला, कंपनीचा निळा शर्ट अंगावर, दाराच्या चौकटीला टेकून उभा. प्रज्ञा नवा फ्रॉक घालून जाजमाच्या मध्यावर उभी राहिली. मास्तरांनी तिला गुळाचा खडा दिला, रीतीप्रमाणे, आणि विचारलं, “पंचगंगेच्या पाच नद्या सांग.”

प्रज्ञाचे ओठ हलले. मी टेबलापाशी होते, मला पाचही नावं ऐकू आली. शेवटच्या रांगेत बापू वस्ताद कानामागे पंजा धरून बसले होते. त्यांचा हात वर गेला नाही.

“मोठ्यानं, बाय.”

पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही.

“बोल की गं पोरी!” मागून एक बाई ओरडली. “लाजाय काय झालं? लगीन हाय का तुजं?”

“अवो, दमानं. घाबरवू नगासा.”

“वस्ताद, तुमी वाईच म्होरं सरकून बसा की!”

“काय म्हणतोय ह्यो?” वस्ताद गरजले.

मास्तरांनी दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. गूळ प्रज्ञाच्या मुठीत तसाच विरघळत होता. मी तक्त्यावर पेन टेकवून बसले होते. सगळी उत्तरं बरोबर होती आणि मला एकही मार्क लिहिता येत नव्हता.

दिलीप दारातून पुढे आला. “ऱ्हाऊ द्या, मास्तर. न्हाय जमत तिला. लेकराचे हाल नगो. मी पोचवतो मुरगूडला.”

“बस खाली!” मास्तरांनी रूळ आपटला. “परीक्षा कुणाची हाय? माझी. अजून संपली न्हाय.”

दिलीप होता तिथेच जाजमावर बसला. मास्तर उठले. गुडघ्यावर हात टेकत टेबलाला वळसा घालून प्रज्ञापाशी गेले आणि तिला म्हणाले, “जा, बस खुर्चीवर.”

ती बघतच राहिली.

“बस म्हणतो न्हवं. आता तू विचार, मी सांगणार. मी चुकलो तर तू सांगायचं. पण गावाला ऐकू गेलं पायजे हां, न्हायतर चुकलेलंच बरोबर धरतील. ह्या लोकांचा काय भरवसा न्हाय.”

तालमीत हशा पिकला. प्रज्ञा खुर्चीवर बसली. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. ती काहीतरी पुटपुटली. मास्तर वाकले आणि सगळ्यांना ऐकवत म्हणाले, “काय, पंचगंगाच विचारतीस? मलाच उलटा प्रश्न? बरं. सांगतो.” छातीवर हाताची घडी घालून ते ताठ उभे राहिले, शाळकरी पोरासारखे. “कासारी. कुंभी. तुळशी. भोगावती.” मग जरा थांबले. “आणि वेदगंगा.”

“बरोब्बर!” मागून कुणीतरी म्हणालं. वस्तादांनी हात वर केला.

“चूक!”

आवाज कुठून आला हे क्षणभर मलाही कळलं नाही. प्रज्ञा खुर्चीतून अर्धी उठली होती. “वेदगंगा न्हाय! वेदगंगा आमच्या मुरगूडची हाय. ती दूधगंगेला मिळती. पंचगंगेत कशी यील? पाचवी सरस्वती!”

वस्तादांचा हात वर होताच, त्यांनी दुसराही वर केला. “ऐकलं!”

काय गलका झाला! मास्तर दोन्ही हातांनी सगळ्यांना गप्प करत होते. “महाराष्ट्रात जिल्हे किती?” प्रज्ञानं विचारलं, आता दिलीपपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात.

“सव्वीस.”

“चूक! पस्तीस!” तेव्हा पस्तीसच होते.

“ऐकलं!” वस्तादांबरोबर आता सगळी तालीम ओरडायला लागली होती. “म्हाताऱ्याला घोळात घेतलं पोरीनं!” “मास्तर, अभ्यास करून याचं व्हतं!” प्रज्ञानं आणखी काही विचारलं, मास्तरांनी काही बरोबर सांगितलं, काही चुकवलं, आणि प्रत्येक चुकीला तिचा आवाज चढत गेला. मी भराभर मार्क मांडत होते. परीक्षा कुणाची आणि मार्क कुणाला, हे माझ्या तक्त्यात कुठेच बसत नव्हतं, पण मी मांडत होते.

मग ती एकदम थांबली. मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळू म्हणाली, “मास्तर, आज वार कुठला?”

“शुक्रवार,” मास्तर म्हणाले.

तालीम हसून लोळली. “आयला, शुक्रवार! आज आमाला सुट्टी कुणी दिली मग?” मीही हसले. प्रज्ञा हसली नाही, ‘चूक’ही म्हणाली नाही. खुर्चीतून उतरली, मास्तरांचा हात धरला आणि म्हणाली, “बसा तुमी. झाली परीक्षा.”

केवढी रीतभात आहे पोरीला, असं मला त्या वेळी वाटलं.

वस्तादांनी उठून निकाल दिला, “पोरगी पास! समद्या गल्लीनं ऐकलं!” दिलीप गर्दीतून वाट काढत आला. मास्तरांच्या पायांशी वाकला आणि प्रज्ञाला म्हणाला, “चल. आजीला फोन करू. मुरगूड कॅन्सल म्हणून सांगू.” आशाताई तोंडाला पदर नव्हता म्हणून हातरुमाल लावून रडत होती. आणि बाहेर पडणारा जो तो म्हणत होता, “लई बेरकी म्हातारं! मुद्दाम चुकलं बघा. पोरीला बोलतं करायला.”

घरी परतताना मी आणि मास्तर जिना चढत होतो. मीही फार खुशीत होते. “छान चुकलात हं, मास्तर,” मी म्हटलं. “वेदगंगा तर कमाल होती. मुरगूडची पोर गप्प बसणारच नव्हती. आणि शुक्रवार! मला तर हसू आवरेना.”

मास्तर त्यांच्या दारापाशी किल्ली शोधत होते. ती त्यांच्या हातातच होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “बाईसाहेब, आज खरंच रविवार हाय?”

“रविवार,” मी म्हटलं.

“सकाळपासून शुक्रवार धरून बसलो व्हतो,” ते म्हणाले. “पाचवी नदी आठवली न्हाय. शेजारची आली तोंडात. हल्ली असं व्हतंय. दुपारी टोपी घालून शाळेला निघतो, जिन्यात आठवतं, रिटायर झालोय.” किल्ली त्यांनी कुलपात घातली, पण फिरवली नाही. “गावाला कळलं का?”

“नाही. गावाला वाटलं, तुम्ही मुद्दाम चुकलात.”

“मग बरें जालें,” ते म्हणाले. कोकणीत.

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञा संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागली. शाळा सुरू व्हायच्या आधी उजळणी म्हणून, असं तिनं घरी सांगितलं होतं. आई-वडील कामावरून येईपर्यंत ती तिथंच असे. दिलीपचाही जीव भांड्यात पडला.

एकदा ती माझ्याकडे लोणचं मागायला आली तेव्हा मी सहज म्हटलं, “तालमीत तू वार का विचारलास गं?”

“आमची मुरगूडची आजी हाय न्हवं, ती पण असंच एकाचं दुसरं सांगती,” ती म्हणाली. आता माझ्याशी ती खणखणीत बोलायची. “डॉक्टरनी तिला पयला वारच इचारलता. मास्तरांचं तसंच वाटलं मला. म्हणून इचारलं. मग बंद केलं.” लोणच्याची वाटी घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “आजीला आताचं इचारायचं न्हाय, काकू. जुनं इचारायचं. जुनं समदं येतं तिला. मग ती खूश असती.”

मास्तर इथं आले तेव्हापासून त्यांनी अख्ख्या गल्लीला प्रश्न विचारले होते. दाराआडून, जिन्यात, तालमीत. गल्लीनं उत्तरंही दिली. पण त्यांना उलट काही विचारावं, हे आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. गोव्याची गोष्ट ते नेहमी शिष्यवृत्ती मिळाली आणि इथं आलो, एवढ्यावर संपवत. पुढचं किंवा मधलं कुणी विचारलं नाही.

पावसाळ्याच्या आधीची एक संध्याकाळ होती. मी खाली पालक आणायला निघाले होते. मास्तरांचं दार हवेसाठी सताड उघडं होतं. मास्तर हाताची घडी घालून उभे होते आणि प्रज्ञा खुर्चीवर.

“अग्रशाळेच्या दारात कुठलं झाड?”

“सुरंगीचं. चैत्रात वास यायचा, तर पाढे चुकायचे.”

“होडीवाल्याचं नाव?”

“बाबल. उधार न्यायचा, पण शिव्या देत न्यायचा.”

“कोल्हापूरला यायला निघालासा, तवा सोडायला कोण आलतं?”

मास्तर थांबले. मला वाटलं, आठवत नसावं. मी जिन्यातच उभी राहिले.

“आई,” ते म्हणाले. “पत्रादेवीच्या सरहद्दीच्या नाक्यापर्यंत. करेरीतून, म्हणजे बसमधून. तिला नाक्याच्या पलीकडं सोडेनात. मी एकटाच पलीकडं चालत गेलो. ती म्हणालेली, मागं वळून बघू नको, पाय अडखळतील.”

“मग बघितलं का?”

“ना. तिनंच सांगितलेलं की.” त्यांनी घडी सोडली आणि पुन्हा घातली. “सुट्टीत एकदोनदा गेलतो. मग सरहद्द बंद झाली. पास मिळेना, पत्र पोचेना. रस्ता उघडला तवर आमचं घर बंद झालतं.”

प्रज्ञानं या उत्तराला मार्क दिले नाहीत.  हात गुडघ्यांवर ठेवून नुसती बसून राहिली.

मास्तर तिच्याकडे बघत होते. मग जरासे पुढे झाले आणि अगदी हळू, तिच्या जुन्या आवाजासारख्या आवाजात म्हणाले, “विचार गो, बाय. आईचं आणखी विचार.”

मी पालक न आणताच वर आले.